गोंदण, मण्यार आणि आमची 'रात्रीची ओपीडी'

अनेरकाठ | १४ जुलै, रात्री ११:१०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. पाच दिवस एकच प्रश्न डोक्यात घोळतोय: ग्रुप बंद करू की चालू ठेवू?

आधी पार्श्वभूमी. मी जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी दवाखान्यात फिजिशियन आहे. इंटर्न पोरं-पोरी आमच्याकडे ग्रामीण पोस्टिंगला येतात. दिवसा ओपीडीत शिकवायला सवड मिळत नाही. केसपेपर संपत नाहीत आणि मे महिन्यात तर पंखासुद्धा गरम वारा फेकतो. म्हणून चार वर्षांपूर्वी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नाव 'रात्रीची ओपीडी'. सुरुवातीला सहा इंटर्न होते. आता आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले मेडिकल ऑफिसर, काही सिस्टर आणि इथून निघून गेलेले जुने इंटर्न धरून सत्तरेक जण झालेत.

रात्री साडेनऊला मी एक केस टाकतो, तीही तुकड्या-तुकड्यांत. मागच्या पावसाळ्यातली एक सांगतो. तिशीतला सालदार, केळीच्या बागेतल्या खोलीत खाली गोधडी टाकून झोपतो. पहाटे चारला पोटात जोराची कळ, एक उलटी. ताप नाही, जुलाब नाही, अंगावर कुठे जखम नाही. काय कराल? उत्तरं आली: ॲसिडिटी, अपेंडिक्स, मुतखडा. एकाने तर पॅन्टोप्रॅझोलचं इंजेक्शन देऊन घरी पाठवूनही टाकलं. मग मी दुसरा तुकडा टाकला. सहा वाजता तो म्हणतो, "डोया उघडी नही ऱ्हायनात." दोन मिनिटं ग्रुपवर चिडीचूप. मग धडाधड मेसेज, "मण्यार! मण्यार!"

मण्यारचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. झोपेतल्या माणसाला ती चावून जाते, पहाटे पोट दुखायला लागतं आणि मग पापण्या जड होतात. हे पुस्तकात आहेच, सगळ्यांनी वाचलेलंही असतं. पण ज्या पोराने त्या रात्री 'ॲसिडिटी' लिहिलं, तो आता पहाटेच्या पोटदुखीवाल्याच्या पापण्या बघितल्याशिवाय त्याला सोडणार नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच गोष्टीचा प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर धडा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून बघणारे पुढे गेले. मी काही शिक्षणशास्त्राचा माणूस नाही, पण ग्रुपवर हे रोज दिसतं.

एक चूक आधी केली होती. व्हॉट्सॲपचा पोल लावायचो. त्यात कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे बॅचमधल्या हुशार पोरीने बोट ठेवलं की मागून अख्खी दिंडी तिकडेच. आता उत्तर माझ्या वैयक्तिक नंबरवर यायचं, दहा वाजेपर्यंत. दहानंतर मी नावं न घेता सगळी उत्तरं ग्रुपवर मांडतो.

हे झालं कौतुक. आता पाच दिवसांपूर्वीचं.

एक बाई आली, उजव्या हाताला सर्पदंश, बहुतेक फुरसं. हात फुगलेला. सूज किती चढतेय ते कळावं म्हणून पेनाने रेघा मारून प्रत्येक रेघेवर वेळ लिहिलेली. शिकवायला यापेक्षा चांगला फोटो मिळणार नाही. इंटर्नने तिला विचारलं, तिने मान हलवली, त्याने कोपरापासून खालचा फोटो काढला. चेहरा नाही, नाव नाही, केसपेपर नाही. ग्रुपवर टाकला. मीच खाली लिहिलं, "छान फोटो."

मनगटाच्या वर गोंदण होतं. तिचं नाव आणि त्याखाली नवऱ्याचं.

ते आमच्यापैकी कोणालाही दिसलं नाही. म्हणजे डोळ्यांना दिसलं, पण आम्ही सूज बघत होतो. ग्रुपमधल्या कोणीतरी 'पावसाळ्यात काळजी घ्या' म्हणून फोटो पुढे ढकलला. तो गावोगावच्या ग्रुपांतून फिरला आणि वाटेत कोणीतरी त्याखाली 'बाई वाचली नाही' असं जोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा भाऊ चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाकत, रडत वॉर्डात आला. ही पलंगावर बसून वरण-भात खात होती.

भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "फोटो कोणी काढला?"

कोणी फॉरवर्ड केला ते कोणी कबूल करत नाही. ज्याने काढला तो पोरगा दोन दिवस जेवला नाही. तुम्ही काय केलं असतं?

---

शेवभाजी | १४ जुलै, रात्री ११:३२

बंद करा. सरळ सांगतो, राग मानू नका डॉक्टरसाहेब.

मी डॉक्टर नाही, भुसावळला रेल्वेत आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांचा पाय डायबेटीसने काळा पडला होता. ड्रेसिंग चालू असताना एक शिकाऊ डॉक्टर मोबाइल घेऊन आला, दोन फोटो काढले आणि गेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. वडील नंतर म्हणाले, "मन्हा पाय कोठे कोठे फिरी ऱ्हायना काय माहीत." आम्ही हसलो तेव्हा. आता तुमचा धागा वाचून हसू येत नाहीये.

---

पांझराकाठ | १५ जुलै, सकाळी ७:०५

अनेरकाठ, घाईने बंद करू नका. मी धुळ्यात विद्यार्थ्यांना शिकवतो, विषय मेडिसिन. तुमच्या ग्रुपचं मोल तुम्हालाच पुरतं कळलेलं नाही असं वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

इंटरनेटवर वैद्यकीय शिक्षण फुकट मिळावं ही चळवळ परदेशात जोरात झाली. तिला 'फोम' हे नाव मिळालं ते २०१२ च्या जूनमध्ये डब्लिनला. ऑस्ट्रेलियातले माइक कॅडोगन यांनी बिअरचा ग्लास समोर असताना ते सुचवलं, असा किस्सा तेच सांगतात. त्यातून ब्लॉग आले, पॉडकास्ट आले, ट्विटरवरचे धडे आले. मी स्वतः ईसीजी त्यातूनच नीट शिकलो, माझ्या शिक्षकांनी माफ करावं.

पण तिथला साप वेगळा आहे हो! मागच्या वर्षी एका इंटर्नने सर्पदंशाच्या पेशंटचा अख्खा पाय इलॅस्टिक पट्टीने करकचून बांधून आणला. कुठे शिकलास? म्हणे यूट्यूबवर, ऑस्ट्रेलियन डॉक्टरचा व्हिडिओ, लाखो लोकांनी बघितलेला. व्हिडिओ चुकीचा नाहीच. तिकडच्या सापांचं विष बहुतेक नसांवर चालतं, म्हणून ते पट्टी बांधून विष अडवतात. आपल्या घोणस-फुरशाचं विष चावल्या जागीच मांस खातं. तिथे पट्टी आवळून ते कोंडून ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आपल्याकडे हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि दवाखाना गाठायचा, बस.

दुसरं. तिकडे प्रयोगशाळा शेजारच्या खोलीत असते. आपल्याकडे रात्री दोनला काय असतं? काचेची टेस्ट ट्यूब. दोन मिली रक्त घ्या, वीस मिनिटं हात न लावता ठेवा, मग एकदाच तिरपी करा. रक्त गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. यात ट्यूब काचेचीच हवी, कोरडी हवी आणि साबणाने धुतलेली नको. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये रक्त वेळेत गोठत नाही आणि मग विष नसलेल्या माणसालाही विषावरची लस टोचली जाते. हे कुठल्या रीलमध्ये सांगणार? ते तुमच्या ग्रुपवरच येणार, कारण कपाटात काचेच्या ट्यूब संपल्यात हे फक्त तुमच्या सिस्टरांना माहीत असतं.

---

अनेरकाठ | १५ जुलै, सकाळी ७:४०

पांझराकाठ, काचेच्या ट्यूबचं अगदी नेमकं बोललात. आमच्याकडे एका बॅचने त्या डिटर्जंटने घासून चकचकीत करून ठेवल्या होत्या. कौतुक करावं की डोकं धरावं कळेना.

शेवभाजी, राग कसला. तुमच्या वडिलांचं वाक्य आज ग्रुपवर टाकणार आहे, फोटोशिवाय.

---

अजिंक्यतारा | १५ जुलै, दुपारी २:१८

मी साताऱ्याची, सध्या खानदेशात इंटर्नशिप करतेय. कुठल्या कॉलेजातून ते सांगत नाही.

आम्ही २०१९ नंतरच्या नवीन अभ्यासक्रमाची बॅच. आमच्यासाठी 'एटकॉम' नावाचा तास असतो, त्यात पेशंटशी कसं बोलावं, गोपनीयता म्हणजे काय, सगळं शिकवतात. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही असते. मला वाटलं, आपण तर मराठीच, हा तास म्हणजे झोपेचा. आणि इथे पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आले, "मन्हा आंडोरना पोटमा दुखस." माझ्या शेजारच्या इंटर्नने केसपेपरवर काय लिहिलं असेल? अंडकोषात दुखणं! आणि पडद्यामागे नेऊन तपासणीसुद्धा सुरू केली. सिस्टर धावत आल्या, म्हणाल्या, "आंडोर म्हणजे पोरगा हो साहेब!"

तेव्हापासून आमच्या बॅचच्या ग्रुपवर आम्ही शब्द गोळा करतो. कोणीही नवीन शब्द ऐकला की व्हॉइस नोट टाकायची, म्हणजे उच्चार कळतो. अहिराणी, लेवा, पावरी असे तीन भाग केलेत. आता दोनशेच्या वर शब्द झालेत. हे आम्हाला कुठल्याही ॲपवर मिळालं नसतं, मग त्याला कितीही पैसे मोजा. (आणि मोजलेत. पीजीच्या तयारीची ॲप दोन, एमसीक्यूचे टेलिग्राम चॅनल मोजत नाही.)

खरं सांगू? राउंडला सर विचारतात तेव्हा उत्तर येत असलं तरी घशातून निघत नाही. चुकलं की सगळ्या वॉर्डासमोर पाणउतारा. ग्रुपवर मूर्खासारखा प्रश्न विचारता येतो. अनेरकाठ सर, तुम्ही नावं झाकून उत्तरं मांडता हे वाचून हेवा वाटला.

पण त्या फोटोबद्दल एक सांगते. तो मुलगा नालायक नाही. आम्हाला शिकवलं होतं, "चेहरा कापा, नाव खोडा." त्याने दोन्ही केलं.

---

भरीत_पुरी | १५ जुलै, दुपारी ३:०२

आंडोर!! हसून हसून डोळ्यांत पाणी. अवांतर: आमच्या लेवा बोलीत 'मले', अहिराणीत 'माले', दोन्ही एकाच खोक्यात टाकू नका, मारामारी होईल. कृ.ह.घे. (कृपया हलके घ्या)

---

कोर्टाची_पायरी | १५ जुलै, सायंकाळी ६:२५

कायद्याचं थोडं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत फोटोंबद्दल कलम आहे. पेशंटची ओळख पटेल अशा रीतीने फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही, आणि ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. त्या काळी डोळ्यांसमोर छापील जर्नल होतं. पुढे २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवीन नियमावली काढली. तिच्यात डॉक्टरांनी सोशल मीडियावर कसं वागावं यावर स्वतंत्र भाग होता: पेशंटचे फोटो, स्कॅन टाकू नका, उघड्यावर उपचार सांगू नका, लाइक विकत घेऊ नका. तीच नियमावली २३ ऑगस्टला स्थगित झाली आणि पुन्हा जुनी आचारसंहिता आली.

आता प्रश्न असा की ओळख पटेल, पण कोणाला? मुंबईच्या वाचकाला तो हात म्हणजे नुसता हात. तिच्या भावाला ती बहीण. माझ्या मते संमती लागतच होती, आणि 'मान हलवली' ही संमती म्हणून मी कोर्टात उभी करू शकणार नाही.

आणखी एक. ग्रुपवर कोणी सल्ला विचारला आणि तुम्ही दिलात, तर जबाबदार कोण? टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० च्या आहेत, त्यांत हे स्पष्ट आहे. डॉक्टरने डॉक्टरला विचारलं तर उपचार करणारा तोच राहतो आणि जबाबदारीही त्याचीच. म्हणून ग्रुपवर काय ठरलं ते त्याने केसपेपरवर लिहिलंच पाहिजे. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावून निर्धास्त होऊ नका.

---

तोरणमाळ | १५ जुलै, रात्री ९:५०

नेटवर्क आत्ता आलं, लिहून घेतो. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या वरच्या बाजूला मेडिकल ऑफिसर आहे.

इथे एक दांडा आहे, त्याच्यापाशी उभं राहिलं तरच रेंज येते. मी ईसीजी पाठवायचा तर तिथे जाऊन उभा राहतो, पावसात छत्री धरून. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, मग ईसीजीच्या बारीक रेघा पुसट होतात. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कागदाची नावाची कड दुमडा, पण २५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर हे आलेखाचं माप लिहिलेली कड दुमडू नका. ते नसेल तर समोरचा काय मोजणार?

गोंदणाचं वाचून मला यादी आठवली. आमच्याकडे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मोठ्या प्रमाणावर चालते. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांचं रक्त बघायचं आहे. शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट करतात, पॉझिटिव्ह आलं की नाव यादीत. एका शिबिरानंतर कोणीतरी त्या हस्तलिखित यादीचा फोटो कामाच्या ग्रुपवर टाकला, रिपोर्टिंगसाठी. हेतू चांगला. यादी पाड्यावर पोचली. सोल्युबिलिटी टेस्ट इतकंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्याशिवाय कळत नाही. वाहक बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. पण हा फरक पाड्यावर कोण समजावणार? दोन मुलींची ठरलेली लग्नं अडली. एकीचं अजून अडलेलं आहे.

त्यात ना चेहरा होता ना जखम. नुसतं नाव आणि 'पॉझिटिव्ह'.

रेंज जातेय. बाकी नंतर.

---

उंडगा | १५ जुलै, रात्री १०:१५

सगळे डॉक्टर रील बनवण्यात बिझी, पेशंट मरतोय रांगेत. अजून ग्रुप हवेत यांना!

---

मेहरूणची_बोरं | १५ जुलै, रात्री १०:४४

उंडगाभाऊ, रील बनवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण धागा त्यांच्यावर नाही. वाचून लिहा.

मी जळगावात बालरोगतज्ज्ञ. मला फोटोपेक्षा फॉरवर्डची भीती जास्त वाटते. पॅरासिटामॉलचा तक्ता फिरतो बघा, 'वजन इतकं तर इतके मिली'. रंगीत, सुबक, खाली कुठल्यातरी परदेशी हॉस्पिटलचं चिन्ह. इंटर्न तो फोनमध्ये जपून ठेवतात. पण मिली कशाचे? आपल्याकडे याच औषधाचे थेंब मिळतात १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे. सिरप मिळतं ५ मिलीत १२५ चं आणि ५ मिलीत २५० चंही. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ धरले तर १५० मिलिग्रॅम हवं. पहिल्या सिरपचे होतात ६ मिली, दुसऱ्याचे ३, थेंबांचे दीड. तेच ६ मिली थेंबांच्या बाटलीतून दिले तर चौपट डोस गेला! आणि परदेशातल्या सिरपची ताकद यांतल्या कशाशीच जुळेल असं नाही.

मी माझ्या ज्युनिअर्सच्या ग्रुपवर एक खेळ करते. प्रत्येकाने आपल्या गावच्या मेडिकलमध्ये जाऊन बाटलीवरचं लेबल वाचायचं आणि लिहायचं. तक्ता मग आपोआप हातातून पडतो.

---

पांढरी_पट्टी | १६ जुलै, पहाटे ५:३०

नाइट संपवून लिहितेय. मी स्टाफ नर्स, बावीस वर्षं झाली. अनेरकाठ सरांच्या दवाखान्यातली नाही, पण अशाच एका.

एक, सर, पेनाच्या रेघा आणि वेळ कोणी लिहिली होती? डॉक्टरांच्या ग्रुपवर 'छान फोटो' म्हणून वाहवा होते, रेघा मारणारी सिस्टर त्यात कुठेच नसते. तुमच्या ग्रुपात सिस्टर आहेत म्हणून बरं वाटलं. पण त्यांनाही रात्रीच्या केसचं उत्तर विचारता का? पापण्या जड झालेल्या पहिल्यांदा आम्हालाच दिसतात.

दोन, फोनचं. ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो आपोआप गॅलरीत जाऊन बसतो. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. गेम खेळायला फोन घेतला आणि जळालेल्या पेशंटचा फोटो त्याच्या समोर आला. रात्री उठून रडायचा. तेव्हापासून ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीडिया दिसू नये' हे करून टाकलंय. डॉक्टरांपैकी किती जणांनी केलंय विचारा.

तीन. दोन दिवस तुम्ही सगळे बोलताय, कायदा झाला, ऑस्ट्रेलिया झालं. त्या बाईला कोणी विचारलं का?

---

शेवभाजी | १६ जुलै, सकाळी ८:१२

ताई +१. शेवटच्या ओळीला तर दहा वेळा.

---

अनेरकाठ | १६ जुलै, सकाळी ८:३०

पांढरी_पट्टी, रेघा सिस्टरांनीच मारल्या होत्या. आणि नाही, त्यांना उत्तर मी कधी विचारलं नाही. त्या ग्रुपात आहेत एवढ्यावरच खूश होतो.

तिला विचारलेलं नाही. भावाची माफी मागितली, नवऱ्याशी बोललो. तिला फक्त 'हात कसा आहे' विचारलं. शुक्रवारी ड्रेसिंगला येणार आहे.

---

अजिंक्यतारा | १६ जुलै, दुपारी १:४०

सर, तिची भाषा कोणती? संमतीचे छापील कागद सगळे प्रमाण मराठीत असतात.

---

अनेरकाठ | १६ जुलै, दुपारी १:५५

पावरी. मराठी समजते, पण जपून बोलते. इंटर्न विदर्भातला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली असणार.

---

पांझराकाठ | १६ जुलै, रात्री ९:२०

टोरांटोहून २०१३ साली 'फिगर वन' नावाचं ॲप निघालं, डॉक्टरांनी फोटो टाकून चर्चा करायचं. त्यात चेहरा आपोआप झाकला जातो आणि संमतीचा फॉर्म आतच आहे. मी ते विद्यार्थ्यांना कौतुकाने दाखवायचो. परवापासून विचार करतोय, त्या यंत्राला गोंदण कळलं असतं का? आपल्याकडे ओळख चेहऱ्यात कमी आणि बाकी सगळ्यात जास्त. पायातलं कडं, पलंगावरची गोधडी, मागे उभ्या माणसाची टोपी. लहान मुलुखात माणूस लपत नाही. तुमचा ग्रुप उपयोगाचा आहे तो इथला आहे म्हणून, आणि नडलाही त्याचमुळे. बाहेरच्या ग्रुपवर गेला असता तर तो फोटो कोणाच्या भावापर्यंत पोचला नसता, पण मग मण्यारही कोणी ओळखली नसती.

---

उंडगा | १६ जुलै, रात्री ९:३३

हे बरोबर बोललात. कालचा प्रतिसाद मागे घेतो. आमच्या गल्लीत चप्पल बघून कळतं कोण आलंय.

---

अनेरकाठ | १८ जुलै, रात्री ८:४५

ती आज आली. हात उतरलाय, दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, त्याचा व्यायाम दिलाय. आमची एक सिस्टर पावरी बोलते, तिला बरोबर घेऊन बसलो. फोटो कसा निघाला, कुठे गेला, सगळं सांगितलं. गोंदण आमच्या लक्षात आलं नाही हेही.

तिने आधी फोटो दाखवा म्हणून सांगितलं. तिने तो बघितलेलाच नव्हता! अख्ख्या तालुक्याने बघितला, तिने नाही. माझ्या फोनमधून तर मी पुसून टाकला होता. शेवटी भावाच्या फोनवर सापडला. बराच वेळ बघत बसली. मग सिस्टरला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. विचारलं तर कळलं, "हात तर माझाच आहे, पण एवढा जाड?"

मग हसू गेलं. म्हणाली, नाव दिसलं ते दिसलं, पण मेली असं कोणी लिहिलं? सासरचे लोक दारात येऊन गेले, लेकराला कोणी सांगितलं आई गेली. आता जिथे जिथे पाठवला तिथे तिथे पाठवा की ती जिवंत आहे. मी म्हटलं, कुठे कुठे गेला ते आम्हालाच माहीत नाही. त्यावर ती काही बोलली नाही. नवरा म्हणाला, "पाठवायला येतं, परत आणायला येत नाही, असं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ग्रुप चालू ठेवतोय. फोटो पूर्ण बंद. ईसीजी चालेल, तोरणमाळ म्हणतात तसा कड दुमडून. बाकी जे काही असेल ते शब्दांत लिहायचं. उत्तर सिस्टरही देणार. ज्याला हे जाचक वाटतं त्याने बाहेर पडावं, दोघे पडलेसुद्धा.

फोटोशिवाय शिकवणं जड जाईल असं वाटलं होतं. काल त्याच पोराने पहिली केस शब्दांत लिहिली. नमुना देतो, त्याची परवानगी घेतली आहे: "डावा पाय, दंश घोट्याच्या आतल्या बाजूला, दोन खुणा. सूज पोटरीच्या मध्यापर्यंत, दाबलं तर खड्डा पडतो, कातडी ताणून चकाकते. दंशाभोवती जांभळा डाग, रुपयाएवढा. सूज आठ वाजता घोट्याच्या चार बोटं वर, नऊ वाजता सहा बोटं वर."

---

मेहरूणची_बोरं | १८ जुलै, रात्री ९:०२

छान लिहिलंय पोराने. पण लघवीचा रंग? हिरड्यांतून रक्त? वीस मिनिटांची ट्यूब?

---

तोरणमाळ | १८ जुलै, रात्री ९:४१

दांड्यापाशी उभा आहे. ट्यूब काचेची का, हे आधी विचारा.

---

पांढरी_पट्टी | १८ जुलै, रात्री ९:४८

आणि चार बोटं कोणाची, त्याची की पेशंटची? टेप सिस्टरच्या ट्रॉलीत वरच्या खणात असते. सेंटिमीटरमध्ये लिही म्हणावं बाळा.